आठ म्हणजे आठ

२ जून, सोमवार

कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेले आणि ही डायरी घेऊन आले. नितीश म्हणाला, ‘‘छान. आता चहात हीच बुडव.’’ डोक्यात एकच विषय घोळतोय. तो इथे उतरवला नाही तर मी त्याचं डोकं खाणार. लग्नाला सतरा वर्षं झालीत, त्याला पुरता अंदाज आहे.

विषय असा की आई-बाबा गुरुवारी भूमध्य समुद्रातल्या क्रूझला निघालेत. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, आई सत्तरची. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून देवयानीने, माझ्या धाकट्या बहिणीने, परस्पर तिकिटं काढली. मला विचारलं नाही, कळवलं. आई-बाबा राहतात माझ्याकडे, इथे टौरंगात, सहा वर्षं. त्यांची औषधं, डॉक्टर, दात, चष्मे, सगळं मी बघते. देवयानी राहते ऑकलंडला, अवोन्डेलमध्ये. महिन्यातून एकदा येते, बाबांना आईस्क्रीम खायला घालते आणि लाडकी लेक बनून परत जाते.

स्वतःला रजा नाही म्हणून सोबतीला पाठवतेय कुणाला, तर इराला! वय वर्षं अठरा. देवयानीची एकुलती एक. जुलैत नर्सिंगला लागणार आहे, त्यामुळे आत्तापासूनच ‘आय गॉट धिस, मावशी’ चालू. आमचं मराठी सगळं समजतं तिला, उत्तर इंग्लिशमध्ये. वाचायला तर कुणी शिकवलंच नाही.

मी स्पष्ट सांगितलं, बाबांना दोन महिन्यांपूर्वी सकाळचं नवीन इन्शुलिन सुरू झालंय, किडन्या पूर्वीसारख्या नाहीत, ही वेळ नव्हे. सगळ्यांनी ऐकून घेतलं. बाबा म्हणाले, ‘‘मुग्धा, त्या जहाजाचा एक थांबा व्हॅलेटा आहे. माल्टा. अख्खं शहर म्हणजे जलदुर्ग आहे गं.’’

बाबांनी जन्मभर पाटबंधारे खात्यात नोकरी केली आणि रविवारी किल्ले चढले. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी, सगळे पाठ. त्यांच्या तोंडून ‘जलदुर्ग’ निघाला की समजायचं, वाद संपला.

मला हे बरं वाटत नाहीये. कारण सांगता येत नाही. कारण नसताना मला काही वाटत नाही सहसा, म्हणून जास्त त्रास होतोय.

४ जून, बुधवार

औषधांच्या डब्या भरून झाल्या. तीन वेळा मोजल्या. रात्रीचं इन्शुलिन बाबा गेली नऊ वर्षं स्वतः घेतात, त्याची काळजी नाही. सकाळचं मात्र आई देते, कारण त्या नव्या इन्शुलिनच्या पेनवरचे बारीक आकडे बाबांना दिसत नाहीत. आईलाही कितपत दिसतात देव जाणे, पण ती हो म्हणते.

म्हणून मी कार्ड केलं. गुलाबी जाड कागद, काळं मार्कर. एक उगवता सूर्य काढला, त्याच्यापुढे पेन, त्याच्यापुढे ठसठशीत ४. खाली मराठीत ‘न्याहारीला बसताना’. आई पुण्यात महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवत होती, पाढे अजून मराठीत म्हणते. माझ्या औषधांच्या दुकानात, फार्मसीत, मी रोज बघते, माणसं इंग्लिश लेबलं वाचतात आणि भलतंच समजून बसतात. माझ्या आईला तिच्या आकड्यांत मिळालं पाहिजे. वेळ मुद्दाम लिहिली नाही, ती पाठ करून घेतली. आई, बाबा, इरा, तिघांना सोफ्यावर बसवलं आणि म्हणून घेतलं. जहाजाच्या घड्याळाने सकाळी आठ. आठ म्हणजे आठ.

देवयानी फोनवर म्हणाली, ‘‘ताई, टाइप करून प्रिंट काढ की.’’ म्हटलं, माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. ते आहेच.

इराने कार्ड हातात घेऊन बघितलं. ‘‘ऑ, क्यूट सन!’’ म्हणाली. मी म्हटलं, तू फक्त बॅगा उचल, औषधांत लक्ष घालायचं काम आजीचं. आईने माझ्याकडे बघितलं आणि कार्ड पर्समध्ये ठेवलं. एक प्रत फ्रिजवर लावून ठेवलीय.

५ जून, गुरुवार

ऑकलंड एअरपोर्टवर सोडून आलो. बाबांच्या पायात नवे बूट. सिक्युरिटीच्या दारात त्यांनी मागे वळून हात केला, आईने नाही. आई आधीच पुढे चालायला लागली होती. येताना नितीश म्हणाला, ‘‘झालं, आता सोड.’’ त्याला सोडायला सोपं आहे, त्याचे आई-वडील ठाण्यात आहेत.

८ जून, रविवार

बार्सिलोनाहून जहाज सुटलं. बाबांनी व्हिडिओ कॉलवर केबिन दाखवली, आमच्या कपडे धुवायच्या खोलीएवढी. बाबा खूश. सगळ्या डेकचे नकाशे त्यांनी बघून ठेवलेत. ‘‘आठला दिलं का इन्शुलिन?’’ विचारलं, तर आई म्हणाली, ‘‘दिलं गं बाई. तू पहाटे उठून हेच विचारणार होतीस का?’’

मी अ‍ॅपवर जहाज बघते. निळ्या पाण्यावर एक हिरवा बाण. नितीश बंदराच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर दिवसभर असेच बाण बघतो, त्याला काडीचं कौतुक नाही.

१० जून, मंगळवार

आज वटपौर्णिमा. जहाजावर वड कुठून आणणार? आईने जहाजाच्या वहीवर पेनने वड काढला, पारंब्यांसकट, आणि शिवणाच्या डबीतला दोरा सात वेळा गुंडाळला. इराने फोटो पाठवला. आईने कडक उपास धरलाय. कालपासून समुद्र लागलाय तिला, पोटात पाणी ठरत नाही, आणि वर उपास! मी फोनवर जाम ओरडले. ‘‘बाबांना सात जन्म नकोत, ह्या जन्मात सकाळी इन्शुलिन देणारं माणूस हवंय,’’ असं बोलून गेले. आईने फोन बाबांच्या हातात दिला. ‘‘जाऊ दे मुग्धा, तिची श्रद्धा आहे,’’ म्हणाले. मी फोन ठेवला. माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

११ जून, बुधवार

झालंच. काल संध्याकाळी आईला जेवणाच्या हॉलमध्ये चक्कर आली. जहाजाच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, दोन दिवस झोपून राहा म्हणाले. मी सांगत होते तेव्हा मी दुष्ट!

दुकान बंद करताना इराचा मेसेज आला. ‘‘मावशी, आजी इज स्टिल रिअली क्रूक, सो आय विल डू आजोबा. मॉर्निंग वन इज एट, राइट?’’ क्रूक म्हणजे इथे आजारी.

मी उत्तर दिलं, ‘‘हो. आठ म्हणजे आठ. सव्वाआठ नाही.’’

तिने अंगठा पाठवला आणि वर ‘‘स्वीट अ‍ॅज’’, म्हणजे मस्त. चला, पोरीने विचारलं तरी. मनातल्या मनात मी तिला थोडी कमी लेखत होते. देवयानीला फोन करून म्हटलं, मुलगी जबाबदार आहे तुझी. देवयानीला इतका आनंद झाला की मलाच लाजल्यासारखं झालं. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही म्हणे.

१२ जून, गुरुवार

काल नेपल्सला बाबा उतरलेच नाहीत. दिवसभर झोपले. बंदरालगतच किल्ला असताना बाबा झोपले! मला विचित्र वाटलं. आई म्हणाली, ‘‘दमलेत. वय झालं आता.’’

आज मेसिना. बाबा वेटरवर ओरडले म्हणे. बाबा! ज्यांनी आयुष्यात रिक्षावाल्यावर आवाज चढवला नाही. नंतर स्वतःच्या केबिनचा नंबर विसरले आणि दुसऱ्याच मजल्यावर दार ठोठावत उभे राहिले. इराने शोधून आणलं. मी विचारलं, साखर किती येतेय? आई म्हणाली, ‘‘व्यवस्थित आहे.’’ म्हटलं, आकडा सांग. ‘‘अगं व्यवस्थित म्हणजे व्यवस्थित. मशीन इराकडे आहे, ती अंघोळीला गेलीय.’’

आईचा आवाज मला ठाऊक आहे. शाळेत इन्स्पेक्टर आले की ती अशीच बोलायची. काहीतरी लपवतेय. बाबांनी गोड खाल्लं असणार, केक वगैरे, आणि साखर वाढलेली असणार. म्हणूनच चिडचिड. सरळ सांगितलं, जहाजावरचं एकही गोड त्यांच्या ताटात जाता कामा नये. इराला बोलावलं आणि तिलाही बजावलं. ‘‘बट मावशी...’’ म्हणाली. म्हटलं, बट नाही.

रात्री जेवताना नितीश म्हणाला, ‘‘ती काय सांगत होती, ऐकून घ्यायचंस.’’ मी म्हटलं, तू फार्मासिस्ट आहेस का?

१३ जून, शुक्रवार

व्हॅलेटाच्या बंदरावर एक वेबकॅम आहे. संध्याकाळी सहाला, म्हणजे तिकडे सकाळी आठला, लॅपटॉप समोर ठेवून जेवायला बसले. जहाज आत येताना दिसलं. मधासारख्या रंगाचा दगड, दोन्ही बाजूंना तट, बुरूज, पाण्यातून सरळ वर आलेली भिंत. मलाही क्षणभर वाटलं, बाबा म्हणत होते ते खरंच. एवढ्या मोठ्या जहाजावर आठ वाजता ह्या क्षणी माझे बाबा न्याहारीला बसलेत, शेजारी इरा आहे, हातात पेन आहे, असं मनाशी म्हटलं. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दोनेक तासांनी बाबांचा फोन, धक्क्यावरून. बाबा जोरजोरात बोलत होते, हसत होते. ‘‘लिफ्ट आहे, पण मी पायऱ्यांनी चढणार! किल्ला लिफ्टने चढायचा नसतो मुग्धा!’’ आई अजून केबिनमध्येच. वर बाग आहे, तिथून बारा वाजता तोफ उडवतात, ती ऐकूनच परत येणार म्हणाले. बोलताना मध्येच त्यांना शब्द सापडेना. ‘‘ते... ते हे... दगडी...’’ ‘‘बुरूज?’’ मी म्हटलं. ‘‘हां.’’

इथे रात्री नऊला इराने फोटो पाठवला. बाबा बागेतल्या बाकावर. मागे बंदर, आमचं जहाज, तट. शर्ट घामाने भिजून अंगाला चिकटलाय. कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत, कुठे बघतायत कळत नाही. क्षणभर वाटलं, साखर उतरली की माणूस असं दिसतं. मग स्वतःलाच समजावलं. चार युनिटांनी काय होणार आहे? पायऱ्या चढलेत, ऊन आहे. इराला लिहिलं, ‘‘पाणी दे. गोड नको.’’

उद्या आठला दुकान उघडायचंय. फोन सायलेंटवर टाकून झोपते. जागून काय होणार आहे?

१४ जून, शनिवार

इराचे अकरा मिस्ड कॉल. देवयानीचे सहा. पावणेसहाला उठले तेव्हा बघितलं.

बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत, बेशुद्ध. बाकावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला असं इराला वाटलं. दमलेत, झोपू दे, असं म्हणून ती शेजारी बसून राहिली. पाऊण तास. बारा वाजता तोफ उडाली. बागेतली सगळी माणसं दचकली, पोरं रडायला लागली, कबुतरं उडाली. बाबा हलले नाहीत. तेव्हा तिला कळलं.

साखर १.१ होती, भारतातल्या मापात जेमतेम वीस.

आई आणि इरा जहाजावरून उतरल्या, सामान कुणीतरी धक्क्यावर आणून दिलं, जहाज ठरल्या वेळी निघून गेलं. देवयानीने रात्रीच तिकीट काढलं, आज दुपारी निघतेय. मला जाता येत नाही. माझा पासपोर्ट भारतीय, व्हिसाला तीन आठवडे. देवयानीने केव्हाच इथला घेतला. मी तेव्हा तिला बोलले होते, पुण्याला विसरलीस म्हणून.

वेबकॅम उघडला. धक्का रिकामा आहे. एक माणूस दोर गुंडाळतोय.

१५ जून, रविवार

बाबा अजून शुद्धीवर नाहीत. मेंदूला किती वेळ साखर मिळाली नाही त्यावर आहे सगळं, असं तिथले डॉक्टर म्हणतात. मला माहीत आहे. मला कशाला सांगतायत?

चार युनिटांनी असं होत नाही. म्हणजे तिने दोनदा दिलंय. एकदा देऊन विसरली आणि परत दिलं. फोनवर डोकं खुपसून बसलेली असते पोरगी. दुसरं काय असणार? इराला फोन लावला आणि विचारलं. ती म्हणाली, ‘‘नो मावशी, जस्ट वन्स.’’ मी म्हटलं, आठव नीट. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. मी म्हटलं, तुला विश्वासाने सांगितलं होतं, तू नर्स होणार आहेस, उद्या अशीच माणसं मारणार आहेस का?

हो. हे बोलले मी.

मागे हॉस्पिटलची घंटी वाजत होती. मग ‘‘सॉरी मावशी’’ म्हणाली. मराठी बोलायला लागली एकदम, मोडकं. ‘‘माझा... माझं चूक आहे.’’

बघा. कबूल केलं. माझा संशय खरा होता. पण फोन ठेवल्यावर फ्रिजसमोर जाऊन कार्ड दोनदा वाचलं.

१६ जून, सोमवार

लिहायला हवं. 

आज कामावर गेले. घरी बसून वेड लागलं असतं. फ्रिजवरची कार्डाची प्रत सोबत नेली. का नेली? कुणीतरी म्हणायला हवं होतं की मुग्धा, तू सगळं बरोबर केलंस. मिरियामा माझ्यासोबत सात वर्षं आहे, औषधं मोजते, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिला सगळी कहाणी सांगितली. ती जवळ आली, खांद्यावर हात ठेवला. मी कार्ड तिच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, तूच सांग, ह्यात काय कळण्यासारखं नाहीये? तुला तर मराठीही येत नाही.

तिने बघितलं. सूर्यावर बोट ठेवलं, मग पेनवर, मग पुढे.

‘‘मॉर्निंग. एट युनिट्स,’’ म्हणाली. ‘‘क्लिअर अ‍ॅज, लव्ह.’’

मी म्हटलं, परत वाच.

‘‘एट,’’ ती म्हणाली. आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून, ‘‘इज इट नॉट अ‍ॅन एट?’’

मराठी चार. वर उघडा, खाली गाठ. घाईत बघितलं, मार्करने जाड काढलेला असला, तर इंग्लिश आठच. मी जन्मभर हा आकडा काढतेय. मला त्यात आठ कधी दिसला नाही, कारण मला चार माहीत होता.

मागच्या खोलीत जाऊन फोन काढला आणि इराचा मेसेज बघितला. ‘मॉर्निंग वन इज एट, राइट?’ तिने वेळ विचारलीच नव्हती. वेळ तिची पाठ होती, मीच पाठ करून घेतली होती. तिने डोस विचारला होता. आणि खाली माझं उत्तर.

फार्मसीत एकही डबी दुसऱ्या माणसाच्या सहीशिवाय बाहेर जात नाही. हा नियम मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी शिकवते. ते कार्ड मी कुणाला दाखवलं? कुणालाच नाही. देवयानी प्रिंट म्हणाली तर अक्षराचा अभिमान मध्ये आला.

कुणाला सांगितलं नाही अजून. मिरियामाला कळलंय. माझी उरलेली शिफ्ट तिने घेतली.

१८ जून, बुधवार

बाबांनी काल डोळे उघडले. देवयानी पोचलीय. बाबा आईला ओळखतात, देवयानीला ओळखतात. बोलताना शब्द सापडत नाहीत आणि उजवा हात उचलत नाही. सुधारेल असं म्हणतात. किती, ते म्हणत नाहीत.

मी अजून सांगितलं नाही. खरं लिहायचं तर काल दिवसभर मी हाच विचार केला की सांगायची गरज आहे का? इराने कबूल केलंय. सगळे तिला माफ करतील, अठरा वर्षांची आहे, लहान आहे. मला कोण माफ करणार? मी फ्रिजवरची जागा पुसून काढली. टेपचा डाग राहिला होता, तोही घासला.

नितीशने विचारलं, ‘‘कार्ड कुठे गेलं?’’

म्हटलं, आता काय करायचंय ते.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, ‘‘मुग्धा, मला माहीत आहे.’’

कसं, विचारायची हिंमत झाली नाही. भांडी घासत बसले.

२० जून, शुक्रवार

मातारिकीची, इथल्या माओरी नववर्षाची, सुट्टी. बाहेर सगळीकडे शांत. आईला फोन केला आणि एका दमात सांगून टाकलं. कार्ड, चार, आठ, माझा मेसेज. रडत होते की ओरडत होते, कळत नव्हतं.

आई म्हणाली, ‘‘आम्हाला माहीत आहे गं.’’

पहिल्याच दिवशी कळलं होतं त्यांना. तिथल्या नर्सने कार्ड आईपुढे धरलं आणि वाचायला सांगितलं. आईने वाचलं, ‘फोर’. इरा शेजारी उभी होती. ‘‘पोरगी भिंतीला धरून खाली बसली,’’ आई म्हणाली. ‘‘मग तिने मला तुझा मेसेज दाखवला.’’

‘‘मग रविवारी मी फोन केला तेव्हा...’’

‘‘तेव्हा तिला माहीत होतं. मी तिच्या बाजूलाच होते. तू बोलत होतीस, मला ऐकू येत होतं सगळं.’’

‘‘आणि तू मला थांबवलं नाहीस?’’

‘‘तिनेच माझा हात धरला. फोन ठेवल्यावर म्हणाली, मावशीला नको सांगू आजी, शी वोन्ट कोप. नितीशला देवयानीने कळवलं, तुझ्यावर लक्ष ठेव म्हणून.’’ आई थांबली. ‘‘आणि साखरेचे आकडे मीच लपवले. तीन दिवस कमीच येत होती. इरा तुला सांगणार होती, मी म्हटलं, नको, ओरडेल. गोळ्या-बिस्किटं देत होतो गुपचूप. मग तू गोड बंद करायला सांगितलंस. शुक्रवारी मी तिला म्हटलं, मावशी म्हणते तसं कर.’’

आईला मी काय बोलणार होते? सत्तर वर्षांची बाई माझ्या ओरडण्याला भ्याली. अठरा वर्षांची पोरगी भ्याली.

इरा फोनवर आली. म्हटलं, चूक माझी आहे, तुझी नाही, मी जे बोलले ते... ती म्हणाली, ‘‘इट्स ओके, मावशी.’’ म्हटलं, नाहीये ओके. सगळ्यांना सांगणार आहे मी, लिहून देणार आहे तिथल्या डॉक्टरांना. ती म्हणाली, ‘‘आय नो यू विल.’’ मग हळूच म्हणाली की जुलैचं नर्सिंग तिने सोडलंय. ईमेल करून टाकली. पेन हातात घेतलं की तिला ती बाग दिसते. मी म्हटलं, अगं पण दोष तुझा नाही ना! ती म्हणाली, ‘‘माय हँड, बट.’’ हात माझा होता, पण.

डॉक्टरांना द्यायचं पत्र लगेच लिहायला बसले, ह्या वेळी टाइप करून.

२२ जून, रविवार

आज बाबांनी स्वतः मला बोलावलं. व्हिडिओवर. डाव्या हातात चमचा, दाढी वाढलेली. देवयानीने फोन धरला होता. बाबा माझ्याकडे बघून हसले, अर्ध्या तोंडाने. मी रडायला लागले आणि सगळं सांगितलं. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. मग बोलायला लागले, एकेक शब्द शोधत.

‘‘मी... मोजलं होतं.’’

‘‘काय बाबा?’’

‘‘पेन. फिरवलं की... टक वाजतं. एक युनिट, एक टक. आई द्यायची... तेव्हा चार. इराने... आठ.’’

‘‘तिन्ही दिवस?’’

‘‘तिन्ही.’’

‘‘मग तुम्ही बोलला का नाहीत? बाबा, एक शब्द बोलायचा होतात! इराला, आईला, मला!’’

बाबांनी चमचा खाली ठेवला. शब्द सापडत नव्हता की सांगायचं नव्हतं, मला कळलं नाही.

‘‘म्हटलं... मुग्धाने वाढवलं असेल. तिने ठरवलंय... तर बरोबरच असणार.’’

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तेवढी जरी असती तरी चाललं असतं.

तेवढ्यात तिथली नर्स आली. दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. तिने पेन बाबांच्या डोळ्यांसमोर धरलं, मोठ्याने म्हणाली, ‘‘थ्री युनिट्स, मिस्टर काशिनाथ, ओके?’’ देवयानीनेही वाकून बघितलं, तीन म्हणाली.

बाबांनी नर्सला हाताने थांबवलं आणि फोनकडे मान वळवली.

‘‘मुग्धा,’’ ते म्हणाले, ‘‘ही तीन म्हणते. देऊ दे?’’

‘‘बाबा, मला नका विचारू,’’ मी म्हटलं. ‘‘तिला विचारा. देवयानीला विचारा. शंका आली तर परत विचारा.’’

त्यांनी मान हलवली. कळलं अशी हलवली. नर्स पेन घेऊन थांबली होती, देवयानी थांबली होती, आणि बाबा माझ्याकडेच बघत होते, मी हो म्हणायची वाट बघत.